बुजलेली अरुंधती

मित्रांनो, एका पत्राला उत्तर गेलं नाही, तिथून माझा राग सुरू होतो. एरवी मी तारांगणातलं एक जुनं यंत्र. पोटात दिवा, अंगभर हजारो बारीक भोकं. दिवा लागला की भोकागणिक एक तारा घुमटावर उमटतो. कारागिरांनी एकेक भोक भिंगाखाली धरून पाडलं होतं. खेळ संपला की लोक टाळ्या वाजवत. अंगावरून फडकं मात्र वर्षानुवर्षं कुणी फिरवलं नाही. शेवटी धुळीने एक भोक बुजलं. नेमकं सप्तर्षींतल्या वसिष्ठाला खेटून असणाऱ्या अरुंधतीचं.

गेल्या वर्षी एका रविवारी एक मुलगी आजोबांबरोबर खेळाला आली. अंधारातच तिने विचारलं, "अरुंधती कुठंय? आजोबा तर मला रोज दाखवतात."

आमचे निवेदक म्हणाले, "बाळ, आकाशात आहे ते सगळं इथे आहे. आजोबांचा चष्मा बदला आता!"

सगळा घुमट हसला. आजोबाही हसले, कसनुसे. मला वाचा असती तर मी तिथेच ओरडलो असतो.

आठवड्याने तिचं पत्र आलं. निवेदकांनी ते माझ्याशेजारी उभं राहून वाचलं. "तुम्ही चष्म्यावरून हसलात, तेव्हापासून आजोबा गच्चीवर येत नाहीत. म्हणतात, माझे डोळे गेले गं. मलाही वाटतं, मी अरुंधती पाहिलीच नव्हती. खरं काय ते कळवा."

निवेदकांनी मला तपासलं. बुजलेलं भोक त्यांना दिसलं. ते तारांगणाच्या साहेबांना घेऊन आले.

"यंत्र चुकतं असं लेखी द्यायचं?" साहेब खेकसले. "डोकं ठिकाणावर आहे ना? एका ठिपक्यावाचून कुणाचं काय अडतं?"

पत्र माझ्या शेजारच्या टेबलाच्या खणात गेलं. निवेदकांनी मान खाली घातली, ती वर्षभर वर केली नाही. मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. तारा माझ्याच अंगावरचा गळला होता. पण खोटं बोलले ते, आणि साक्षीला उभं केलं मला! याचा संताप आजही जात नाही.

परवा तिकीट खिडकीवरच्या बाई त्याच खणात कात्री शोधत होत्या. हाताला पत्र लागलं. वाचून त्या निवेदकांवर कडाडल्या, "अहो, एका म्हाताऱ्या माणसाला गच्चीवरून खाली उतरवलंत तुम्ही! आणि वर जेवण गोड लागतं?"

"साहेब म्हणाले की…"

"चष्म्याचा विनोद साहेबांनी केला होता?"

निवेदकांनी शिडी आणली, बारीक कुंचल्याने भोक साफ केलं, दिवा लावला. वसिष्ठाशेजारी अरुंधती उमटली. इतकुशी. पाच मिनिटांचं काम होतं, मित्रांनो!

मग त्यांनी तिथेच बसून लिहिलं आणि बाईंना वाचून दाखवलं. "तुझे आजोबा खरं सांगत होते. यंत्रात धूळ होती आणि मी ते लपवलं. त्यांना गच्चीवर ने. माझ्या वतीने माफी माग."

"माफी तिने का मागायची?" बाई म्हणाल्या.

निवेदकांनी शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं, 'माफी मागायला मी स्वतः येतो.'

ते पाकीट घेऊन बाहेर गेले. दारापाशी टपालपेटी आहे. तिचं झाकण खणकन वाजलं, ते मला घुमटात ऐकू आलं.