पहिल्या क्रमांकाचा गोलरक्षक

"डावा घेऊ की उजवा?" गेझा व्रतिकने विचारलं, आणि खानावळीत आज सूप कुठलं आहे हे विचारावं तसा तो उत्तराची वाट पाहत राहिला.

दालिबोर क्रूपाला प्रश्न कळला नाही. व्रतिक आइस हॉकी संघाचा व्यवस्थापक होता, आणि त्याच्या खोलीची खिडकी थेट बर्फाच्या मैदानावर उघडत होती. खाली बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र नुकतंच फिरून गेलं होतं आणि त्यामागचं पाणी हळूहळू काचेचं होत चाललं होतं. टेबलावर सकाळचं वर्तमानपत्र. त्यात अर्ध्या हंगामाचा गुणतक्ता, आणि तक्त्याच्या माथ्यावर, जिथे ते नाव दालिबोरने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं तिथे, रुडनित्सा, त्यांच्या गावाचा संघ. शेजारच्या रकान्यात एका जाणत्या पत्रकाराने अजिंक्यपदाची भाकितं मांडली होती. रुडनित्साला शक्यता आहे, त्याने लिहिलं होतं, मात्र गोलात अनुभवी माणूस हवा.

"पाय रे," व्रतिक म्हणाला. "डॉक्टरला काहीतरी एक लिहावं लागणार. मांडीचा स्नायू फाटला म्हणू. मांडी बरी. बाहेरून काही दिसत नाही."

रुडनित्सात एक रीत आहे. जानेवारीच्या सुरुवातीला, तीन राजांच्या सणाला, दारांच्या चौकटींवर खडूने अक्षरं लिहिली जातात, तोवर अजिंक्यपद हा शब्द कुणीही तोंडातून काढत नाही. काढला की ते हातचं जातं, अशी समजूत आहे, आणि ती दारूच्या गुत्त्यात जितकी पाळली जाते तितकीच क्लबच्या कार्यकारिणीतही. संघ नोव्हेंबरात वर सरकला, डिसेंबरात पहिला झाला, आणि कार्यकारिणीतली शहाणीसुरती माणसं दर आठवड्याला बसून बर्फाच्या यंत्राच्या तेलावर बोलत राहिली. वसंतातल्या अंतिम सामन्यांसाठी मोठा गोलरक्षक आणावा, हे सगळ्यांच्या मनात होतं. बोलायचं म्हणजे तो शब्द उच्चारणं आलं. वर्ष संपलं, त्याबरोबर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची मुदतही संपली. मग सण झाला, चौकटींवर अक्षरं उमटली, सगळ्यांची तोंडं एकदम उघडली, आणि बंद दारापुढे उभे असल्याचं त्यांना कळलं. त्या दाराला एकच फट होती. गोलरक्षक जायबंदी झाला, तर त्याच्या जागी दुसरा घेता येत होता.

फिनलंडचा एक गोलरक्षक तयार होता. त्याने अशी अजिंक्यपदं जिंकली होती, एकाहून अधिक.

"मी चांगला खेळतोय," दालिबोर म्हणाला. ते वाक्य त्याला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचं वाटलं.

"कोण नाही म्हणतंय? तू चांगला खेळलास म्हणूनच तर आता आपल्याला चांगला गोलरक्षक लागतोय."

व्रतिक हसला नाही. आपण काय बोललो ते त्याच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं.

दालिबोर अकरा हिवाळे या संघाचा दुसरा गोलरक्षक होता. दुसरा गोलरक्षक बाकाच्या टोकाला बसतो, डोक्याला लोकरी टोपी घालतो, आणि दमून परतणाऱ्यांसाठी मैदानाच्या कठड्याचं फाटक उघडतो. लोक त्याला प्रेमाने द्वारपाल म्हणत, आणि त्या प्रेमात जी कीव होती ती त्याने इतकी वर्षं निमूट गिळली होती. ऑक्टोबरात पहिला गोलरक्षक करार मोडून जर्मनीला गेला. क्लबने दुसरा शोधला नाही. तक्त्याच्या तळाशी राहायला कोणीही चालतं. दालो आहे ना, असं म्हणून त्यांनी त्याला गोलात उभं केलं. तिथे त्याला कळलं, की बाकाच्या टोकावरून अकरा वर्षं पाहत राहिलेला माणूस चकती निघण्याआधी ती फेकणाऱ्याचे खांदे वाचू लागतो. त्या रबरी चकत्या त्याच्याकडे येत आणि त्याच्या हातमोज्यात पाखरांसारख्या निजत. सदतिसाव्या वर्षी, उशिरा आणि अवेळी, त्याचं आयुष्य सुरू झालं होतं.

व्रतिक बोलत होता. वसंतातले सामने वेगळे असतात, तिथे हे वय टिकत नाही. गावाला एकदा तो चषक पाहू दे. माझे वडील न पाहता गेले, तुझेही गेले. कराराची दोन वर्षं वाढवून देऊ, तू आपल्या बाकावर परत. आणि दालिबोर उठला तेव्हा जरा हळू आवाजात तो म्हणाला, की हे बाहेर आलं तर हॉकी मंडळ गुण कापेल, पहिल्याचे आपण सातवे होऊ, तेव्हा नकार देताना तो कुणाला देतोस याचा विचार कर.

दालिबोरने नकार दिला. जिना उतरून तो रस्त्यावर आला तोवर क्लबच्या इंटरनेटवरच्या पानावर बातमी लागली होती. क्रूपाची उजवी मांडी, हंगाम संपला. त्याला न विचारता पाय निवडला गेला होता.

*

संतापाचं एक विचित्र असतं, की तो ज्याच्यावर करायचा तो समोर नसतो. समोर असतात ती भली माणसं. पाववाल्या बाईने दुकानाबाहेर येऊन त्याच्या हातात अजून वाफाळणारी पावाची लादी ठेवली आणि डोळे पुसले. कागद गिरणीतून निवृत्त झालेला युराय काका फूटपाथवरून घाईघाईने आला, त्याने दालिबोरचा दंड धरला आणि सगळं वजन माझ्यावर टाक म्हणाला. म्हाताऱ्याची पकड थरथरत होती. आपल्याला काही झालेलं नाही हे सांगण्यासाठी दालिबोरने तोंड उघडलं. युराय काका म्हणाला, यंदा आपण जिंकणार बघ, तुझ्यासाठी जिंकणार.

आणि दालिबोर लंगडला.

एकच पाऊल. मग दुसरं, कारण पहिल्यानंतर सरळ चालणं अशक्य होतं. कोपऱ्यापर्यंत तो तसाच गेला. आपल्याच शरीराने, ज्याने अवघ्या हंगामात त्याच्याशी एकदाही लबाडी केली नव्हती, त्याने आता ती शिकून घेतली होती.

संध्याकाळी शेजारच्या मार्गिता मावशीने मांडीला चोळायला बदकाच्या चरबीची बरणी आणली. दार उघडायला तो घाईत गेला, आणि तिला पाहून लंगडला. मावशीने खाली पाहिलं.

"उजवा ना रे तुझा?"

"उजवाच."

"मग डावा कशाला ओढतोस?"

मावशीने बरणी त्याच्या हातात दिली. "दोन्हींना चोळ," ती म्हणाली. "आणि माणसं बघून चाल जरा." जिना उतरताना ती एकदाही मागे वळली नाही, आणि तिला सगळं कळलं आहे हे त्याला त्या पाठीवरून कळलं. तिला ते चालणार होतं.

त्याची बायको येला स्वयंपाकघरात कोबी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"तू लंगडलास," ती म्हणाली.

त्याने म्हाताऱ्याच्या थरथरत्या पकडीबद्दल सांगितलं. येलाने ते ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवत असे आणि दुसऱ्याच्या उत्तरात चूक कुठे झाली ते शोधण्याची तिला सवय होती, पण आता ती काही शोधत नव्हती.

"अकरा वर्षं तू त्या फाटकापाशी बसलास आणि मी काही बोलले नाही. खेळ आहे, एकालाच जागा असते, कळतं मला. हे तसं नाही, दालो. हे तुला घरात घुसून लुटतायत, आणि तू त्यांना दिवा दाखवतोयस."

"बोललो तर सातवे होतील."

"होऊ देत."

"तुला सोपं आहे."

"मला सोपं आहे?" ती म्हणाली आणि मग बराच वेळ कोबी चिरण्याचा आवाज तेवढा येत राहिला. कोबी संपल्यावरही ती चिरत होती.

*

शनिवारचा सामना दुसऱ्या क्रमांकाच्या संघाशी होता. सामन्यापूर्वी क्रूपाचा सन्मान, अशी जाहिरात झाली. व्रतिकने कुबड्या पाठवल्या होत्या. काय करायचं तेही कळवलं होतं: गालिच्यावरून मधल्या वर्तुळापर्यंत यायचं, मानाची पहिली चकती टाकायची, हात हलवायचा. दालिबोर आला. येला कठड्याला लागून पहिल्या रांगेत उभी होती. तो काय करणार हे तिने विचारलं नव्हतं. त्याला ते ठाऊक नव्हतं म्हणून त्यानेही सांगितलं नव्हतं.

दिवे मंदावले. गालिचा अंथरला गेला. दोन्ही संघ आपापल्या रेषेवर उभे राहिले आणि काठ्या बर्फावर आपटू लागले. आयुष्यभर ज्या आवाजासाठी माणूस थांबतो तो आवाज दालिबोरला आता मिळत होता, खोट्या मांडीपायी. साऱ्या सज्जांतून त्याचं नाव कोसळत होतं. व्रतिक गालिच्याच्या टोकाशी काळ्या कोटात टाळ्या वाजवत होता, आणि त्याचे डोळे खरोखरच ओले झाले होते. हे दालिबोरला सहन झालं नाही. तो लबाड असता, निव्वळ लबाड, तर कदाचित झालंही असतं.

त्याने कुबड्या गालिच्यावर आडव्या ठेवल्या आणि सरळ चालू लागला.

मग जो गजर उठला त्याने छताचे पत्रे थरथरले. फाटलेल्या मांडीने चालतोय, बघा, चालतोय. बायका रडत होत्या. युराय काका टोपी काढून उभा होता. दालिबोरने खरं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते उचलून खोट्याच्याच गळ्यात हारासारखं घातलं होतं.

मधल्या वर्तुळापाशी चकती घेऊन उभ्या असलेल्या दोन कर्णधारांना ओलांडून तो पुढे गेला. गालिचा संपला, बूट घसरू लागले, तो चालतच राहिला. गोलात फिनलंडचा नवा गोलरक्षक पायांतल्या स्केट्सच्या धारेने बर्फ खरवडून आपल्यासाठी खडबडीत करत होता. दालिबोर त्याच्यापुढे येऊन थांबला, पाठ फिरवली, आणि सणाच्या पँटीनिशी, चकती अडवताना गोलरक्षक बसतो तसा, खाली बसला. दोन्ही गुडघे आत, दोन्ही पाय बाहेर, खांबांच्या दिशेने पसरत, पसरत, पार शेवटापर्यंत. छाती ताठ. डावा हात उघडा.

फाटलेल्या मांडीचा माणूस असं बसू शकत नाही. हॉकीच्या गावात हे शाळकरी पोरांनाही कळतं.

गजर लगेच थांबला नाही. तो आधी खालच्या रांगांत विरला, मग वर, सज्जासज्जातून, आणि शेवटी अगदी वरून एकटीच शिट्टी वाजत राहिली. समोरच्या संघाचा प्रशिक्षक बाकावरून कठड्यावर वाकला होता. मग घरच्या सज्जातून कुणीतरी बोललं. मोठ्याने नाही, जवळजवळ लाडाने.

"दालो, पाय दुखतोय ना तुझा? धर की रे मांडी."

दुसरा आवाज. "धर रे. उठ हळूच."

मग पुष्कळ आवाज. ही त्याची माणसं होती, पाव देणारी, चरबी आणणारी, दंड धरणारी. ती त्याला शिव्या देत नव्हती. ती अजिजी करत होती, त्याने त्यांच्यासाठी थोडंसं जायबंदी व्हावं म्हणून. दालिबोरने कठड्याकडे पाहिलं. येला ओरडत नव्हती, रडत नव्हती. ती कोटाच्या खिशांत हात घालून त्याच्याकडे पाहत होती.

मुख्य पंच सरकत त्याच्यापाशी आला. करड्या केसांचा, दुसऱ्या गावचा माणूस. तो वाकला. हे विचारावं लागू नये असं त्याला वाटत असावं, कारण त्याने आवाज अगदी खाली आणला.

"क्रूपा, तुला काही झालंय?"

"नाही," दालिबोर म्हणाला. "मला काहीही झालेलं नाही."

पंच सरळ झाला. तो मैदान ओलांडून मंडळाच्या निरीक्षकाच्या टेबलाकडे गेला. त्याच्या पायांतल्या धारेचा आवाज तेवढा, टोकापर्यंत, स्पष्ट ऐकू आला.

दालिबोर बर्फाला हात न लावता उठला. फिनलंडच्या त्या माणसाला इथली भाषा येत नव्हती. तरी त्याने मुखवटा कपाळावर सरकवला होता आणि तो जाळीच्या बाजूला, खांबाबाहेर, काठी जवळ घेऊन उभा होता. दालिबोर त्याच्यासमोरून गेला, निळ्या रेषेपर्यंत पोचला, तरी गोल तसाच रिकामा होता.