कालपेक्षा छान

यशोधरेच्या पायाला भिंगरी होतीच. शाळेचा बँड गळ्यात पडल्यापासून तिला बसून चहा पिणंही जमेनासं झालं. बँडचे जुने मास्तर निवृत्त झाले, आणि ‘तुम्ही संगीताच्याच ना, मग झालं तर’ असं म्हणत प्राचार्यांनी सहावीची नवशिकी पोरं हिच्या हवाली केली. ही बाई जन्मभर पेटी वाजवत आलेली. पण ज्याला पोहे येतात त्याला जिलबीही यायलाच हवी, असा प्राचार्यांचा हिशेब.

महिनाभरात निम्मी पोरं गळाली. कुणाचे ओठ सुजले, कुणाची ट्यूशन आडवी आली, कुणाच्या आजोबांना ड्रमचा आवाज सोसेना. मग प्राचार्यांनी यशोधरेला बोलावून सुनावलं, की सव्वीस जानेवारीला एक धून नीट वाजली तर बँड राहील. नाही तर वाद्यं स्टोअरमध्ये आणि मैदानावर स्पीकर. ‘स्पीकरला प्रॅक्टिस लागत नाही,’ असंही वर म्हणाल्या. इतक्या वर्षांचा बँड आपल्या हातून बंद पडणार, या विचाराने यशोधरेचा जीव टांगणीला लागला.

धून सोपी होती, पण ती सगळी ट्रम्पेटवर होती, आणि ट्रम्पेट एकट्या शमिकाकडे. शमिका किडकिडीत, अबोल, आणि हट्टी. तिचा तिसरा सूर रोज फाटायचा.

पोरं टिकवायची तर त्यांना हुरूप हवा, असं यशोधरेने मनाशी पक्कं केलं आणि एक युक्ती काढली. घरी जो काही सराव होईल तो रेकॉर्ड करून प्रत्येकाने संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा. ती लगेच शाबासकी देणार. आणि ती द्यायचीसुद्धा! पोळी तव्यावर, फोन ओट्यावर. दोन सूर कानावर पडले न पडले तोच पोळी फुगायची आणि बाईंचं बोट टाळ्यांवर जायचं. ‘वा देवांश! कालपेक्षा छान!’ ‘वा शमिका! कालपेक्षा छान!’

“अगं, पूर्ण ऐक तरी,” तिचा नवरा निखिल एकदा म्हणाला.

“पोरांना कौतुक लागतं, निखिल. तू तुझं ऑफिस बघ.”

निखिल बापडा ताटं घ्यायला वळला.

गुरुवारी दुपारी शाळेच्या ऑफिसातल्या विष्णूभैयांनी ट्रम्पेटची पेटी तिच्या टेबलावर आणून ठेवली. “मैडम, शमिका वापस कर गई। बोली, अब नहीं आऊँगी।”

यशोधरेचं डोकंच फिरलं. इतकं गोंजारलं त्याचं हे फळ? शाळा सुटताच पेटी स्कूटरवर पायाशी ठेवून ती थेट शमिकाच्या घरी, भंवरकुआंला निघाली. कोचिंग क्लासेस सुटलेले, रस्ताभर सॅक पाठीला लावलेली पोरं. हॉर्न वाजवता वाजवता ती शमिकाच्या आईला काय काय सुनवायचं ते जुळवत होती.

शमिकाचं घर मुलांच्या एका होस्टेलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. दार तिच्या आईने, रुचीने उघडलं. शमिका आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली, पुढे आलीच नाही.

“मॅम, आम्हाला पण ती काही सांगत नाहीये,” रुची म्हणाली. “कल से मुँह फुलाकर बसली आहे.”

“मी हिला कधी ओरडले का? विचारा तुम्ही! रोज कौतुक करतेय. हे बघा, हेच ऐका ना.” यशोधरेने फोन काढला आणि सोमवारचं रेकॉर्डिंग लावलं.

एक सूर, दुसरा सूर, तिसरा फाटला. त्याच्या पाठोपाठ खालून एक पोरगा ओरडला, “अरे भिया, पढ़ने दो यार!”

रुची हसली. “नीचेवाले होस्टेलचे पोरगे आहेत. रोजचंच आहे.”

यशोधराही हसली आणि तिने मंगळवारचं लावलं. तिसरा सूर फाटला. “अरे भिया, पढ़ने दो यार!”

बुधवारचं लावलं तेव्हा रुची हसत नव्हती. तोच सूर, तीच फट, तोच पोरगा, तिथल्या तिथे. आणि प्रत्येकाच्या खाली बाईंचं टाळ्यांसकट ‘कालपेक्षा छान!’

यशोधरेला फोन कुठे ठेवावा ते कळेना. ज्या पुराव्याच्या जोरावर ती एवढी तरातरा आली होती, त्यानेच तिला तोंडघशी पाडलं.

“सोमवारचीच आहे ती,” शमिका दारातूनच म्हणाली. “मंगळवारी ओठ लय दुखत होते, म्हणून मी तीच फॉरवर्ड केली. वाटलं, आता मॅम डाँटतील. तुम्ही लिहिलं, कालपेक्षा छान. मग बुधवारी मी जानबूझकर टाकली.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“काय बोलू? सुधरलं तरी तेच, नाही सुधरलं तरी तेच. मग ओठ कशाला दुखवू?”

रुची दटावायला वळली, पण यशोधरेने तिला हातानेच थांबवलं. तिला लाज वाटत होती, आणि ती लपवण्यासारखी नव्हती. “चुकलं माझं, शमिका. मी ऐकतच नव्हते.”

यशोधरेने पेटी सोफ्याच्या कडेला ठेवली, चहाला नको म्हणाली आणि जिना उतरली.

शुक्रवारी संध्याकाळी तिने पहिल्यांदा गॅस बंद करून ग्रुप उघडला. देवांशचा ड्रम पळत होता. तसं लिहिलं, तर त्याने रुसलेल्या बाहुल्याचं चित्र पाठवलं. आता हाही जाणार, या धास्तीने ती गॅलरीत जाऊन आली. परत येते तो शमिकाचं रेकॉर्डिंग आलेलं.

तिने पंखा बंद केला, इअरफोन लावले आणि शेवटपर्यंत ऐकलं. परत ऐकलं. सोमवारपेक्षा वाईट होतं. बोट सवयीने टाळ्यांकडे गेलं, ते तिने आवरलं आणि लिहिलं: ‘शमिका, आज बिघडलंय. तिसऱ्या सुराला तू आधीच घाबरतेस आणि हवा सोडून देतेस. पोट भरून श्वास घे, घाई करू नकोस. पुन्हा.’

पाठवलं आणि मग मात्र तिचा धीर सुटला. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही.

“गेली,” ती निखिलला म्हणाली. “आली होती परत, मीच घालवली. आज तरी चांगलं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं!”

“बस जरा,” निखिल म्हणाला आणि त्याने खिचडीखालचा गॅस पुन्हा पेटवला.

ती बसली नाही. खिचडीचा वास सुटला, कुकरने शिट्टी दिली, आणि फोन वाजला. शब्द एक नव्हता, नुसतं रेकॉर्डिंग. यशोधरेने उभ्या उभ्या लावलं. एक सूर, दुसरा सूर. तिसरा फाटलाच, पण यावेळी पोरीने तो सोडला नाही. ओढून ओढून सरळ केला आणि मगच पुढे गेली. तेवढ्यात खालून तो पोरगा ओरडला, “अरे भिया, ये तो फिर चालू हो गई!”