‘स्कॅब’चा चौथा अर्थ

कोशाच्या कचेरीत अठरा वर्षं कार्डं लिहून तिची बोटं वाकडी झाली होती. इंग्रजी शब्द, त्याचे अर्थ, तो कधीपासून कसा वापरला गेला आणि छापील उदाहरण. सगळे तिला कार्डवालीच म्हणत.

त्याच इमारतीत खाली, कोशाच्या छापखान्यात, तिचा नवरा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. नऊ वर्षांपूर्वी छापखान्यात संप झाला. सगळे फाटकाबाहेर उन्हात बसलेले, आणि नवऱ्याचा जिवलग दोस्त, तेव्हाचा उपसंपादक, मागच्या जिन्याने आत जाऊन खिळे जुळवू लागला. संप मोडला. नवऱ्याला नारळ मिळाला, दोस्त मुख्य संपादक झाला. तिला ठेवलं, कारण तिच्यावाचून कोश पुढे सरकत नव्हता. ती रोज साहेबांना नमस्कार करायची आणि दात आवळायची.

यंदा ‘एस’चा खंड कामाला घेतला. ‘स्कॅब’ तिच्या टेबलावर आला. आधी खरूज, मग जखमेवरची खपली, चारेकशे वर्षांपूर्वी नीच माणसाला शिवी, आणि पुढे सोबत्यांचा संप मोडून कामावर जाणारा. तिने जुन्या वर्तमानपत्रांचं बाड उपसलं.

तीन दिवसांनी मुख्य संपादकाने तिला बोलावलं. त्याने प्रूफ तिच्यापुढे सरकवलं.

“हे काय?”

“चौथ्या अर्थाचं उदाहरण, साहेब. ‘मागच्या जिन्याने शिरणाऱ्या कोशाच्या उपसंपादकाला कामगारांनी स्कॅब, स्कॅब म्हणून हिणवले.’ खाली तारीख आहे.”

“दुसरं मिळालं नाही?”

“मिळाली की. इतकं चपखल एकही नाही.”

“काढून टाका.”

“कारण लिहून द्या. छापील उदाहरण कारणाशिवाय काढायचं नाही, हा नियम तुमचाच.”

शेजारच्या टेबलांवरची पेनं थांबली. त्याने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. खोटं म्हणावं तर कात्रण समोर.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “इतकी वर्षं झाली...”

“वहिनी म्हणू नका. ते नातं तुम्ही त्या जिन्यावरच टाकून आलात.”

त्याने प्रूफवर मंजुरीची सही केली.

छापलेला खंड तिने घरी नेला. नवऱ्याने चष्मा लावून वाचलं.

“अगं, त्याची पोरं वाचतील हे.”

“वाचू देत,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी पोटभर जेवली.