गेणभाऊंचं फाटक होईपर्यंत

टक्.

एवढंच झालं होतं. नारायणगावच्या दुकानाची पायरी उतरताना माझ्या पोटात, पेडलच्या जरा वर, हा आवाज झाला आणि आरफा जागच्या जागी थबकली. कुकरच्या शिट्टीलाही दचकणारी मुलगी ती. तिनं लगेच मोबाईल काढला, मला पुन्हा पायरी चढवली, पुन्हा उतरवली आणि तो आवाज रेकॉर्ड करून ठेवला.

"नवी हाय ताई, बोलणारच जरा," दुकानदार म्हणाला.

तर बोलते. मी डोंगर उतरायची सायकल. अंग ॲल्युमिनियमचं, रंग पोपटी. या रंगापायी वर्षभर दुकानात टांगलेली होते. येणारा प्रत्येक जण माझं चाक फिरवायचा, किंमत विचारायचा आणि घंटी विकत घेऊन जायचा. शेवटी माझ्या गळ्यात सवलतीची पाटी आली आणि बी.कॉम. झालेली आरफा मला न्यायला आली.

वॉरंटी कार्डावर शिक्का मागितला तर दुकानदार हसला. "डिस्काउंटच्या मालाला कसली वॉरंटी?" आरफाचे कान लाल झाले, पण ती काउंटरपासून हलली नाही. शिक्का उमटला तेव्हाच निघाली. भित्री माणसं भांडत नाहीत, पण कागद सोडत नाहीत.

घरी, जुन्नरात, तिचे जलालमामू. ग्रिल आणि फाटकांचं वेल्डिंग करणारे. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. स्टँड नाही, कॅरियर नाही, मडगार्ड नाही.

"बेटा, अर्धीच दिली की तुला."

आणि ते सळई कापायला बसलेसुद्धा. आपल्याकडं नव्या सायकलीला काहीतरी जोडल्याशिवाय ती घरची होतच नाही. आरफा कार्ड घेऊन धावत आली. "मामू, वेल्डिंग केलं की वॉरंटी रद्द, असं लिहिलंय." मामू रुसले. चार दिवस त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

उतारावर मात्र आरफा वेगळीच असते. शिनोलीकडच्या टेकडीवरून आम्ही सुटतो तेव्हा ती ना किंचाळते, ना डोळे मिटते. घाबरायला वेळच मिळत नसावा. पुढच्या महिन्यात तिथल्या शर्यतीत तिनं नाव दिलंय. घरात कुणालाच माहीत नाही. मला पुसता पुसता सांगितलं.

पण ते टक् थांबेना. काल पुसताना तिला माझ्या सांध्यापाशी केसाएवढी चीर दिसली.

"अशीच उतारावर नेली असती तर..." पुढचं तिनं फडक्यानं पुसून टाकलं. मलाही नको होतं.

आज सकाळी मामूंनी मला त्यांच्या दुकानात ओढलं. त्यांचा रुसवा गेला होता, हेच वाईट.

"टाका मारतो. दोन मिनिटांचं काम."

"मामू, ही लोखंडाची नाही, भोक पडेल. कंपनी फ्रेम बदलून देईल."

"डिस्काउंटची कोण बदलून देतंय?"

"कार्डावर दोन वर्षं लिहिलंय. डिस्काउंटचा शब्दही नाही. सूट किमतीला होती मामू, फ्रेमला नव्हती."

मामूंनी चष्मा वर केला. "बरं. गेणभाऊंचं फाटक होईपर्यंत लाव फोन. मग माझा टाका."

गेणभाऊ पारगावचे. फाटकासाठी सकाळपासून स्टुलावर बसून होते. आरफानं फोन स्पीकरवर लावला. मराठीसाठी दोन दाबलं. "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है," एक बाई हिंदीत म्हणाली.

"मंग उचला की राव," गेणभाऊ म्हणाले.

बाईनं गाणं लावलं. इकडं पहिली बिजागरी बसली. फोन कटला. आरफानं पुन्हा लावला.

"पोरी, हिला स्टँड न्हाई. ही उभी ऱ्हाती कशी?"

"भिंतीला टेकून, काका."

"आमच्या म्हशीला तरी चार पाय हायेत."

दुसरी बिजागरी बसली. सातवा फोन कटला. ठिणग्या माझ्या पुढच्या चाकापर्यंत येऊ लागल्या. मामूंनी कडी जोडली, गॉगल काढला आणि माझ्याकडं पाहिलं. आरफानं आठव्यांदा नंबर लावला. पुन्हा तेच गाणं.

गेणभाऊ उठले. कडीपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"जलालभाऊ, ही जरा वाकडी वाटती. काढून परत लावा."

कडी सरळ होती. अख्ख्या जुन्नरात मामूंची कडी कुणी वाकडी म्हणत नाही. मामूंनी कडीकडं पाहिलं, गेणभाऊंकडं पाहिलं, मग फोनला चिकटलेल्या भाचीकडं पाहिलं. त्यांनी ग्राइंडर उचलला आणि आपलीच कडी कापायला घेतली.

तेवढ्यात गाणं थांबलं. मामूंनी ग्राइंडर बंद केला.

"नमस्कार, मी यशोधरा बोलतेय. काय तक्रार आहे आपली?"

आरफाची रात्रभर पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. तिनं फोन माझ्या सांध्याजवळ धरला आणि दुसऱ्या हातानं सीट खाली दाबली.

यशोधराताई, जरा कान द्या.

टक्.