एकशे बेचाळिसावं दार

डफडं तुलारामच्या दारापाशी थांबलं आणि कवडूने मनात आकडा टाकला : एकशे एकवीस. गावाच्या नळयोजनेवर चावी फिरवण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. कोणत्या घरामागे कोणतं घर, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अजून वीस घरं. मग तलावाच्या पाळीला लागून असलेलं शेवटचं, त्याचं स्वतःचं.

“पाऊन घंट्यात येऊन पोचते सारे,” तो आत बघून म्हणाला. “ऐकून राहिली का?”

त्याची बायको उषाबाई दुधी चिरत होती. ऐकून राहिली होती, पण दुधी अर्धा व्हायचा होता.

आषाढातल्या आखाडीचा दिवस होता. लाखनीच्या हमरस्त्यापासून आत चार कोसांवरच्या या गावात आखाडीला मातामायची पूजा असते. त्या दिवशी सकाळी घरोघरची भांडी, रांजण, गुरांच्या टाक्यासुद्धा रिकाम्या करायच्या, फक्त एक लोटा भरून ठेवायचा. बायांनी तो शिवेवरच्या मातेच्या दगडावर नेऊन ओतायचा. माता प्यायल्याशिवाय गावात कोणी पाणी प्यायचं नाही. पूर्वी विहिरीवर फांदी आडवी टाकत, आता पंपाच्या खोलीला कुलूप लागतं. दरवर्षी हे सगळं आठाच्या आत आटोपायचं आणि कवडू पंप सुरू करायला मोकळा व्हायचा.

यंदा गोष्ट वेगळी होती. गुरांवर लम्पी आला होता. अंगावर गाठी येऊन अकरा जनावरं गेली, त्यात सूरज नावाच्या तरुण शेतकऱ्याच्या जोडीतला एक बैल. दुसरा रिकाम्या जागेकडे बघत गोठ्यात एकटा उभा. वर पाऊसही दडी मारून बसलेला. माणसाचं जनावर मेलं की त्याला कारण हवं असतं, आणि रोगाचे जंतू काही पारावर आणून उभे करता येत नाहीत. उषाबाई उभी करता येत होती.

उषाबाई महानुभाव पंथाची, माहेरापासूनची. देव एक, परमेश्वर; चक्रधर स्वामींचं नाव घ्यायचं, दुसऱ्या देवतेला पाणी घालायचं नाही, बोकडाचा वाटा घ्यायचा नाही. गावात तसं हे एकच घर. कवडूने लग्नात सासऱ्याच्या आग्रहाखातर उपदेश घेतला, मटण सोडलं, पण आतून तो दोन दगडांवर पाय ठेवून राहिला. सायकलवरून जाताना मातेसमोर घंटी वाजवायचा. नमस्कार नव्हे, पण अगदी नाहीच असंही नव्हे. अठ्ठावीस वर्षं गावाने हे घर असंच चालवून घेतलं होतं. जुनी माणसं म्हणायची, त्यायचा देव येगळा, जाऊ द्या.

पण अकरा जनावरांनंतर पारावर बैठक झाली. ठरलं असं, की यंदा बायांनी शिवेवर जायचं नाही, माताच दारोदार येईल. माता अंगात यायची ती सूरजच्या आईच्या, लीलाबाईच्या. प्रत्येक दारातल्या बाईने आपला लोटा तिच्या पायांवर ओतायचा. आणि उषाबाईने जर नाही म्हटलं, तर तिच्या हातचं पाणी गावात कोणी प्यायचं नाही, आणि ती जोवर अंगणवाडीत रांधते तोवर आपलं लेकरू तिथे कोणी धाडायचं नाही. तुलाराम गावचा जुना पुढारी, त्याने हे उभं राहून सांगितलं आणि सगळ्यांनी हात वर केले.

कवडू बैठकीतून थेट घरी आला होता. उषाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मंग मोनाले कोन चारन?”

मोना म्हणजे सूरजची पोरगी, तीन वर्षांची. खिचडी बोटांनी कुस्करल्याशिवाय आणि तिच्याशी दहा गोष्टी बोलल्याशिवाय तोंड उघडायची नाही. तेवढं विचारलं आणि उषाबाईला रडू फुटलं. या सगळ्या प्रकरणात ती रडली ती तेवढीच.

चोवीस वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. रोज नऊला निघायचं, दारोदार जाऊन पोरं गोळा करायची : एक कडेवर, दोन बोटाला, बाकीची पदराला. रांधायचं, चारायचं, हातपाय धुवायचे, पुन्हा घरोघर पोचवायचं. लाखनीहून साहेब येत, फोटो काढत. प्रत्येक फोटोत उषाबाई अर्धी कडेला कापलेली आहे. तिची कधी तक्रार नव्हती. तिला वाटायचं, आपण फोटोत असायचं कारणच काय.

अंगणवाडीच्या सेविका भावना मॅडम बौद्ध मोहल्ल्यातल्या. तिथली चाळीस घरं आखाडी पाळत नाहीत आणि त्यांना तसं विचारायला कोणी गेलंही नाही. एकट्या घराला विचारायला फार छाती लागत नाही. भावना मॅडम म्हणाल्या, लाखनीला जाऊन तक्रार देऊ, नाहीतर त्या दिवशी माझ्या घरी येऊन बसा. उषाबाईने दोन्हीला नको म्हटलं. “घर माहं हाय, तं दारात मीच उभी राहीन ना मॅडम. पळून गेली तं पोट्ट्यायले वाटन, बाईनं काहीतरी केलं असन.”

कवडूने चार दिवस तिला परोपरीने समजावलं. एक लोटा तर पाणी. पायावर टाकलं की मोकळं. परमेश्वर काय एवढंही समजून घेणार नाही?

“तो समजून घेईन,” ती म्हणाली. “मलेच समजून घेता येनार नाही.”

“अवं पन आपुन दोघं, अन् तिकडं सारा गाव.”

“दोघंच हाओ असं कोन सांगतलं तुमाले?”

“मंग आनखी कोन हाय? मले तं कोनी दिसत नाही.”

उषाबाईने जरा विचार केला. तिला असं बोलायची सवय नव्हती. “तुमचा पाईप तरी कुठं दिसते?” ती म्हणाली. “भुईच्या आतच हाय. पन तोटी खोलली का पानी येतेच ना?”

पाईप कवडूने स्वतः पुरला होता, म्हणून त्याचा त्यावर विश्वास होता. परमेश्वराच्या बाबतीत तशी सोय नव्हती.

आता डफडं वळणावर आलं होतं. पण त्याचा ठेका सकाळसारखा राहिला नव्हता. ठरवताना गावाची एक चूक झाली होती, आणि ती फक्त नळवाल्यालाच पारावर दिसली होती. पण नळवाल्याला कोण विचारतो? एका दाराला दोन मिनिटं म्हटली तरी एकशे एक्केचाळीस दारांना पावणेपाच तास होतात. सातला निघालेली माता बारा वाजता शेवटच्या दारी येणार, आणि तोवर गावात थेंब नाही. घामाने अंग चिकट होणारं, वारा बंद पडलेलं ते ऊन. मिरवणुकीतली पोरं ओठांवरून जीभ फिरवत चालली होती. डफडंवाला मधूनच हात झटकत होता.

मिरवणूक अंगणात शिरली. पुढे सूरज, पंचविशीचा, डोळे लाल. त्याच्यामागे लीलाबाई : मोकळे केस, कपाळभर हळद, हातात कडुनिंबाचा डहाळा. मागे अंगण भरलं, गल्ली भरली, काही जण पाळीवर चढले. कवडूने सवयीने मोजायला सुरुवात केली आणि शंभराच्या पुढे सोडून दिली. मागच्या दाराची कडी काढलेली आहे का, एवढंच त्याच्या मनात आलं.

उषाबाईने हात धुतले. कमरेवर पाण्याने भरलेला पितळी गुंड घेतला, हातात लोटा घेतला आणि ती बाहेर आली. गर्दीत कुजबूज झाली. “टाकते वाटते, टाकते.” कवडूला एकदम हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची लाजही वाटली.

“पायावर टाक काकू,” सूरज म्हणाला. आवाजात राग होता, पण विनवणीही होती. “मंग कोनी तुले काही म्हननार नाही.”

उषाबाईने गुंड ओट्यावर ठेवला आणि लोटा भरला. मग लीलाबाईकडे नीट पाहिलं. दोघींनी ऐन उमेदीत एकाच बांधीत शेजारी शेजारी उभं राहून धानाची रोवणी केली होती. लीलाबाई घुमत होती, पण ते घुमणं तिला वेगळं दिसलं. तिचा तोल जात होता. एकशे एक्केचाळीस लोट्यांनी पाय भिजून पांढरे पडले होते आणि ओठांना भेगा पडल्या होत्या.

उषाबाई पुढे गेली. लहान पोराला औषध पाजताना धरतात तसा तिने एक हात लीलाबाईच्या मानेमागे घातला आणि लोटा तिच्या तोंडाशी नेला.

सूरजने तिचं मनगट पकडलं. “पायावर म्हनलो मी.”

“पायावर नाही.” तिने हात सोडवला नाही, ओढलाही नाही. “बाबू, तुही माय सकाळपासून कोरडी हाय. एवढे लोटे पायावर पडले, एक तोंडाले नाही लागला. मातेचं तुमी पाहा. ही लीला हाय. इले मी पाजतो.”

सूरजने आईच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळपासून तो मातेपुढे चालत होता, आईकडे त्याने पाहिलंच नव्हतं. त्याची बोटं आपोआप सैल झाली.

“पी वं लीला,” उषाबाई म्हणाली.

पहिला घोट हनुवटीवरून सांडला. मग लीलाबाईने डहाळा टाकला, दोन्ही हातांनी लोटा धरला आणि ती प्यायली. डफडं थांबलं होतं. सारा गाव तिच्या गळ्याकडे बघत होता. लोटा संपला. ती मटकन पायरीवर बसली, केस मागे घेतले आणि आपल्या रोजच्या आवाजात म्हणाली, “उषे, आनखी दे.”

दुसरा लोटाही तिने संपवला.

आता काय, हे कोणालाच कळेना. सगळे तुलारामकडे बघायला लागले. हिच्या हातचं पाणी कोणी प्यायचं नाही, हे त्यानेच सांगितलं होतं. माता प्यायल्यावर गावाने प्यायचं, हे त्याच्या आजापासून चालत आलं होतं. म्हाताऱ्याने डोक्यावरचा दुपट्टा काढला, तोंड पुसलं. जीभ त्याचीही टाळूला चिकटली होती.

“माता प्याली,” तो शेवटी म्हणाला. “आता प्या रे.”

प्यायचं कुठून? पंपाची किल्ली कवडूच्या करगोट्याला, टाकी भरायलाच तास लागणार, बौद्ध मोहल्ला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि आखाडीला भांडी न सांडलेलं जवळपास हे एकच घर होतं. पहिला पुढे आला तो डफडंवाला. त्याने ओंजळ केली. मग रांगच लागली.

“रेटू नोका,” उषाबाई चोवीस वर्षांच्या सवयीने म्हणाली. “लहान लेकरं पयले.”

आणि कॉलेजातली, ट्रकवरची, मिशा फुटलेली ती सगळी पोरं मुकाट्याने मागे सरली, एकामागे एक उभी राहिली, ओंजळी पुढे करून. रांगेत उभं राहायला त्यांना कोणी शिकवलं होतं, हे कवडूला तेव्हा आठवलं. याचे हातपाय तिने धुतले. तो आई भंडाऱ्याच्या दवाखान्यात असताना महिनाभर हिच्याच पदराला धरून फिरला. कवडू पुन्हा मोजायला लागला. माणसं तीच होती, एकही कमी-जास्त नाही. आपण त्यांना भलत्याच बाजूला धरून मोजलं, असं त्याला वाटलं आणि तो आतून रांजण आणायला धावला.

सूरज तेवढा रांगेत आला नाही. कुडाला टेकून उभा होता. सगळे पिऊन झाल्यावर उषाबाई लोटा घेऊन त्याच्याकडे गेली. त्याने ओंजळ पुढे केली नाही.

“घरी तो बैल तहानला हाय,” तो खाली बघत म्हणाला. “टाकी सकाळीच सांडली.”

ओट्यावर शेवटचा अर्धा गुंड उरला होता, तो उषाबाईने उचलून त्याच्या खांद्यावर ठेवला. पाणी हिंदकळू न देता तो सावकाश गल्लीतून गेला.

अंगण रिकामं झाल्यावर कवडू पंपावर जायला निघाला. जाता जाता थांबला. “तुले भेव नाही वाटलं?”

“वाटलं ना. पाय लटलट कापत होते. लुगड्यात दिसले नाही तुमाले.”

“तू तरी पेली का पानी?”

“कुठलं? राहिलंच नाही.” ती हसली. “चालू करा ना लवकर.”

आपल्या बायकोबद्दल काय वाटतं हे कवडूने जन्मात कधी तोंडाने सांगितलं नव्हतं, तेव्हाही नाही. तो सायकल हाणत गेला. वाटेत मातेचा दगड आला, तिथे त्याने घंटी वाजवली नाही. टाकी भरायची वाट न बघता पंपाच्या पहिल्या धारेखाली छोटी कॅन धरली आणि ती घेऊन आधी घरी परत आला.

पाऊस त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला उषाबाई नेहमीसारखी निघाली. पहिल्या दाराशी तिची पावलं जरा अडखळली, पण पोरगं आंघोळ करून तयार होतं. मग पुढचं, मग त्यापुढचं. सूरजच्या घराशी आली तेव्हा एक कडेवर होतं आणि दोन बोटाला. दार लोटलेलं होतं, कोणी दिसत नव्हतं. गोठ्यातून बैलाच्या रवंथाचा आवाज येत होता. ओट्यावर तिचा गुंड ठेवलेला होता, चिंचेने घासून लख्ख केलेला. आणि त्याला टेकून, भांग पाडलेली मोना मांडीवर रिकामी थाळी घेऊन बसली होती.