आधी तुम्ही, कोंपाद्रे

मारिसेलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून तिला हातात धरलं ते नासारियोनं. त्या दिवसापासून तिचा बाप फिदेन्सियो आणि नासारियो एकमेकांचे 'कोंपाद्रे' झाले. आम्हा मेक्सिकन माणसांत हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं. आदल्या दिवसापर्यंत एकमेकांना शिव्या घालणारे हे दोघे दुसऱ्या दिवशी 'अहो-जाहो' करू लागले, ते केस पिकले तरी तसंच.

शिकागोतल्या आमच्या घरामागे लाकडी जिना आहे. जेवण झालं की दोघे त्याच्या पायरीवर येऊन बसत. एकानं सिगरेटचं पाकीट पुढे करायचं, "आधी तुम्ही, कोंपाद्रे." दुसऱ्यानं म्हणायचं, "छे, आधी तुम्ही." असं बराच वेळ चालायचं. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते; माझी भांडी घासून व्हायची, तरी यांची काडी पेटलेली नसायची. गंमत म्हणजे एकटा असताना दोघांपैकी कुणीच ओढत नसे. नासारियो बहिणीकडे गावी गेला, तेव्हा फिदेन्सियोचं पाकीट खिशातच सुकून गेलं होतं.

मग मारिसेलाला मुलगा झाला.

"पपा, बाळ घ्यायचं असेल तर सिगरेट बंद," तिनं बापाला बजावलं. "मी दारात वास घेऊन बघणार. बाप्तिस्म्याच्या दिवशीसुद्धा."

नातू म्हटल्यावर फिदेन्सियो एका पायावर तयार. सिगरेटचं त्याला काहीच वाटेना. पण कोंपाद्रेनं पुढे केलेल्या पाकिटाला 'नको' कसं म्हणायचं?

पहिल्या संध्याकाळी तो म्हणाला, "दाढ ठणकतेय हो." नासारियो धावत घरी गेला आणि लवंग घेऊन आला. "ही दाबून धरा. आणि आता ओढा."

दुसऱ्या दिवशी फिदेन्सियोला खोकला झाला. नासारियोनं पुदिन्याच्या सिगरेटी आणल्या. "घशाला थंड लागतात. खास तुमच्यासाठी."

"अहो, सरळ सांगा ना खरं काय ते," ओर्तेन्सिया नवऱ्याला म्हणाली.

"लेकीला घाबरलो म्हणून सांगू? आयुष्यभर चिडवील तो मला!"

तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे मिटून सांगून टाकलं, "कोंपाद्रे, मी चर्चमधल्या ग्वादालुपेच्या मातेपुढे शपथ घेतलीय. सहा महिने तंबाखू नाही."

आमच्यात शपथेतल्या माणसाला कुणी आग्रह करत नाही. नासारियोनं टोपी काढली, पाकीट खिशात घातलं आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फिदेन्सियो पायरीवर एकटाच, हात कुठे ठेवावेत ते न कळून बसलेला.

"लग्नात रुसलेल्या मावशीसारखे दिसताय," ओर्तेन्सिया खिडकीतून म्हणाली. "जा की त्याच्याकडे!"

तो गेला. नासारियो आपल्या गॅरेजमागे भिंतीला टेकून उभा होता. हातात सिगरेट, तोंड कडू.

"लांब राहा!" तो ओरडला. "धूर लागेल तुम्हाला. शपथ मोडली तर पाप माझ्या माथी!"

"म्हणून येत नव्हता?"

"मग काय! तुमच्यासमोर ओढायची नाही, आणि एकट्यानं ओढली तर हिला चव राहत नाही. गवत जाळल्यासारखी लागते."

फिदेन्सियोला राहवेना. "कोंपाद्रे, शपथ घेतलीच नाही मी. थाप मारली. सिगरेट ओढली तर मारिसेला बाळाला हात लावू देत नाही हो."

नासारियोनं सिगरेट विझवली. कान लाल झालेले. "मातेच्या नावानं थाप? आणि तीही मला? मी दोन दिवस या भिंतीशी बोलतोय! चला."

"कुठे?"

"चर्चला. खरी शपथ घ्यायला."

फादर जेवायला बसले होते, त्यांना उठवलं. फिदेन्सियो मातेच्या चित्रापुढे गुडघे टेकून बसला. बघतो तर शेजारी नासारियोही बसतोय.

"तुम्ही कशाला?"

"मग मी काय गॅरेजमागे उभा राहून म्हातारा होऊ?"

"झालायतच की."

"चर्चमध्ये आहोत आपण, कोंपाद्रे. गप्प बसा."

आता पायरीवर भोपळ्याच्या भाजलेल्या बियांची पुडी असते. "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" तसंच चालतं. फक्त सकाळी सालं झाडताना ओर्तेन्सिया दोघांचाही उद्धार करते. "सिगरेटची थोटकं तरी मोजकी असायची!"

बाप्तिस्म्याच्या दिवशी मारिसेला चर्चच्या दारात उभी राहिली. तिनं आधी बापाचा कोट हुंगला, मग धर्मपित्याची मिशी हुंगली. दोघे शाळेतल्या पोरांसारखे हात मागे बांधून उभे.

"बियांचा वास येतोय," ती म्हणाली. "चालेल. घ्या."

तिनं बाळ पुढे केलं. फिदेन्सियोचे हात पुढे झाले होते, पण सवय कुठे जाते?

"आधी तुम्ही, कोंपाद्रे."

"छे, छे! नातू तुमचा. आधी तुम्ही."

"असं कसं? तुम्ही मोठे."

"मोठा कुठला! आधी तुम्ही."

बाळानं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि भोकाड पसरलं. ओर्तेन्सियानं दोघांच्या मधून हात घातला, नातवाला उचललं आणि आत चालू लागली.

"तुमचं ठरलं की या," ती मागे न बघता म्हणाली.