सासूबाईंचे चार आकडे

रविवारच्या जेवणानंतर करपलेली पातेली कोणी घासायची, हे त्या घरात फासे ठरवीत. लाल आणि पांढरा असे दोन फासे सासूबाई स्वतः वाटीत खुळखुळवून टेबलावर टाकत. बेरीज ज्याच्या आकड्यांत बसेल, त्याने मुकाट्याने बाह्या सरसावाव्यात. दोन ते बारा हे आकडेही त्यांनीच वाटून दिले होते. थोरल्या मुलाला चार व पाच, धाकट्याला नऊ व दहा, धाकट्याच्या बायकोला सहा, सात, आठ. "आणि दोन, तीन, अकरा, बारा माझे. सर्वांत मोठा वाटा मीच उचलते," असे सांगताना त्यांचा चेहरा त्यागाने उजळून निघे.

तरीही काजळी चढली होती ती सुनेच्याच नखांना. आज तर तिचा जीव टांगणीला लागला होता. आणखी एकदा तालमीला उशीर केलात, तर राणीची भूमिका दुसरीला देईन, असे नाट्यमंडळाच्या दिग्दर्शकांनी बजावले होते.

"नशीबच फुटकं तुझं," नवरा म्हणाला.

सकाळी भाजी शिजेपर्यंत तिने ते फुटके नशीब हातात घेऊन उलटसुलट फिरवले, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बेरीज दोन यायला एकच वाट: दोन्ही फाशांवर एक. सात मात्र एक-सहा, दोन-पाच, तीन-चार आणि त्यांच्या उलट, अशा सहा वाटांनी येतो. एकूण छत्तीस दानांपैकी तिच्या तीन आकड्यांत सोळा पडत होती. सासूबाईंच्या उदार चार आकड्यांत अवघी सहा!

जेवणे झाली. वाटी उचलली गेली, तशी सून मधाळ आवाजात म्हणाली, "आई, या वयात चार-चार आकडे तुम्ही वाहायचे आणि आम्ही बघत बसायचं? तुमचे चार मला द्या. माझे तीन तुम्ही घ्या."

"वा! याला म्हणतात सून," थोरला गहिवरला.

सासूबाईंचा हात थबकला. "काही गरज नाही. माझी हाडं अजून धड आहेत."

"घे की आई," धाकटा म्हणाला, "एक आकडा कमीच होतोय तुझा."

त्यागाचा पुतळा स्वतःच उभारलेला. चारचौघांत तो पाडणार कसा? फासे पडले. लाल तीन, पांढरा चार.

सासूबाई ताठ मानेने उठल्या. सून चपला चढवून दार उघडते, तोच स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"कधी मोजलंस?"

"आज सकाळी, आई."

"फारच उशीर लावलास. पुढच्या रविवारपासून फासे तीन. तीन ते अठरा, आकडे सोळा. तुला दोनच देते हो, दहा आणि अकरा. कर मजा!"

सून हसत दोन पायऱ्या उतरली. तिसरीवर मात्र थबकली आणि तिथेच उभी राहून बोटांवर मोजू लागली.

"जा गं," हातातल्या पातेल्यासह खिडकीतून डोकावत सासूबाई म्हणाल्या, "तालमीला उशीर होईल."